मांडीवरची गोधडी

"मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि जमिनीवर तर बसायचंच नाही." गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरले आणि हे तीन नियम सांगितले. मी मान डोलावली. मनात म्हटलं, मग आता गोधड्या काय आढ्याला लटकून शिवू?

मी वाईची. वय ६७. अंगणवाडीत सेविका होते, निवृत्त झाले. पण अंगणवाडीच्याही आधीपासून हातात सुई आहे. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवायला बसवलं ते बसवलंच. होळी झाली की कामाला लागायचं आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत हातातली वाकळ उरकायची, असा आमचा बेत असे. पावसाळ्यात कापड दमट राहतं, उजेड कमी आणि शेतात कामं.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी सांगते. गोधडी शिवायची म्हणजे आधी ती अंथरायची. फरशी पुसून त्यावर अस्तर पसरायचं, चारी कोपऱ्यांवर डबे, पाटा, वरवंटा काय हाताला लागेल ते वजन ठेवायचं. मग थरावर थर. नऊवारी लुगडं असेल तर काम सोपं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर आयते मिळतात, कापायला नको, जोडायला नको. एक लुगडं म्हणजे एका माणसाचं पांघरूण, असा जुन्या बायकांचा सरळ हिशेब. पाचवारीचं तसं नाही. तिचे तीनच थर निघतात आणि लांबीही कमी पडते, मग पदराचं ठिगळ लावा, काठ जोडा. सगळे थर हाताने सारखे करून मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग कडेने धावदोरा सुरू करायचा. एक फेरी झाली की अर्धा इंच आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत करत मध्यावर यायचं. हे सगळं गोधडीवर बसून, गोधडीभोवती सरकत. पूर्वी चौघी चार बाजूंना बसायच्या आणि गप्पांमध्ये काम कधी संपलं कळायचं नाही. आता मी एकटी, चारी बाजूंना मीच सरकते. म्हणजे सरकत होते.

डॉक्टरांकडून आल्यावर मी काही दिवस शहाणपणाने वागले. दिवाणावर अंथरून पाहिली. दिवाण अरुंद, मधल्या भागापर्यंत हात पोचेना, वाकून वाकून गुडघ्यांचं दुखणं कमरेत आलं. जेवणाच्या टेबलावर पाहिली. ह्यांनी दोन दिवस हातात ताट घेऊन जेवण केलं आणि तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, "गोधडीचं झालं की मला बसायला जागा मिळेल का?" मी ती घडी करून कपाटावर टाकली. महिनाभर सुईला हात लावला नाही. घेतलेल्या दोन ऑर्डरी परत केल्या. एक बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही, मशीनवर शिवलेली आठशेला मिळते." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असतील, पण मला ते लागलं.

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून नातवंडं आली. नात चौदा वर्षांची, नातू बारा वर्षांचा. त्यांच्यापाठोपाठ नाशिकहून लेक तिच्या दोन वर्षांच्या पिलाला घेऊन आली, म्हणजे घर भरलं. नातीने आल्या आल्या कपाटावरचं गाठोडं पाहिलं. "आजी, हे अर्धंच?" मी गुडघ्याचं पुराण सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आपण पुण्यात प्रदर्शनात ती रंगीबेरंगी गोधडी पाहिली होती ना, कोपऱ्यांना फुलं असलेली? ती बाई तर खुर्चीत बसून शिवत होती."

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनात कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, बायकांच्या गोधड्या होत्या. कवंदी म्हणतात तिला. मी तेव्हा रंगच बघत बसले होते. लाल, पिवळा, निळा, एकाशेजारी एक असे बेधडक लावलेले की आमच्या सासूबाईंनी नाक मुरडलं असतं. पण ती बाई शिवत कशी होती ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. नातीच्या राहिलं होतं. तिने मोबाइलवर व्हिडिओ शोधले, मी चष्मा पुसून दहा-बारा वेळा पाहिले, आणि कपाळावर हात मारला. इतकं सोपं!

कवंदी अंथरावी लागत नाही. फक्त अस्तर घ्यायचं, बहुतेक जुनी साडीच. त्याच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. अस्तराची कड आत दुमडायची, वर एक तुकडा ठेवायचा, त्याचीही कड दुमडायची, मध्ये भर म्हणून जुन्या कापडाचा तुकडा सरकवायचा, आणि धावदोरा घालत पुढे जायचं. तुकडा संपत आला की त्याच्या कडेखाली दुसरा. असं कडेकडेने चारी बाजू फिरून आत आत वळत जायचं. आधी टाचणं नाही, आधी ठरवलेली नक्षी नाही. जेवढं शिवतोय तेवढंच मांडीवर, बाकीचं अस्तर शेजारी लोळतंय. फेऱ्या आमच्यासारख्याच बाहेरून आत. फरक एवढाच की आम्ही आधी सगळे थर जुळवतो आणि मग शिवतो, त्या जुळवतात आणि शिवतात एकदमच. मी ३० एप्रिलला सकाळी ओसरीवरच्या खुर्चीत बसले, पाय स्टुलावर ठेवले आणि सासूबाईंच्या जुन्या जांभळ्या पातळाचा कोपरा दुमडला.

मुलं घरात असताना सुईचं काम करायचं म्हणजे पहिला नियम मोजणीचा. सकाळी दहा सुया काढायच्या, संध्याकाळी दहा डबीत परत गेल्या की मगच दिवे लागणीचं बाकीचं. सुया ओवण्याचं काम नातवाकडे दिलं होतं, कारण मला आता नेढं दिसत नाही आणि त्याला दुपारपर्यंत काही उद्योग लागतो. दोरा दीड हाताचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो, त्यावर मेणबत्तीचं मेण फिरवायचं. तो दहाही सुया ओवून ओळीने उशीला टोचून ठेवायचा आणि खेळायला पळायचा.

सहाव्या का सातव्या दिवशी संध्याकाळी नऊच भरल्या.

लेकीने पिलाला उचलून खाटेवर ठेवलं आणि खाली उतरू दिलं नाही. ते भोकाड पसरून बसलं. आम्ही ओसरी झाडली, चटया झटकल्या, दिवाणाखाली बॅटरी मारली. हे म्हणाले, "तूच डोक्यात खोवली असशील." खोवली नव्हती. शेवटी नातवाला सुचलं. बिघडलेल्या रेडिओतला स्पीकर माळ्यावर पडून होता, त्याच्या मागचं चुंबक त्याने पेचकसने उचकटलं आणि हळूहळू गोधडीवरून फिरवत नेलं. तिसऱ्या फेरीच्या आसपास कापड चुंबकाला ओढलं गेलं. सुई भरणीच्या, म्हणजे मधल्या भरीच्या, आत होती. मीच तुकडा सरकवताना आत शिवून टाकली होती. चार टाके उसवून काढली. त्या दिवसापासून ते चुंबक माझ्या डबीत आहे, आणि पोरगं घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो किस्सा सांगतं. त्यात सुई दर वेळी थोडी मोठी होते.

मांडीवरच्या गोधडीचा एक फायदा मला तोवर सुचलाच नव्हता. ती बरोबर नेता येते. एरवी नातवंडं आली की मी घरात आणि ती बाहेर. ह्या मे महिन्यात मी पिशवीत अस्तर, तुकडे आणि डबी भरून त्यांच्याबरोबर निघाले. मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथल्या सावलीत पायरीवर बसले, पायरीची उंची गुडघ्यांना मानवते. मुलं पाण्यात, मी फेरीवर. घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडून ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यांतली ती एक. नातू म्हणाला, "म्हणजे चर्चची घंटा देवळात?" मी म्हटलं, "आणि बघ, सिद्द्यांची गोधडी वाईत." तो हसला नाही. त्याला हे दोन्ही एकच कसं ते पटलं नाही, आणि खरं तर नाहीच ते एक. घंटा लढाईत जिंकून आणली, गोधडी मी मोबाइलवर बघून उचलली.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळातही बसले होते, पण तिथे येणारे-जाणारे थांबून विचारतात. "काय करताय?" "केवढ्याला देणार?" एक सोडून दोघांनी "ह्यावर पोटापाणी चालतं का हो मावशी?" असंही विचारलं. मी पोटापाण्यासाठी नाही, तिखटमिठासाठी शिवते, असं सांगून टाकलं. दोघांनाही काही कळलं नसावं.

आठ फेऱ्या झाल्यावर माझ्या कवंदीला पोट सुटलं. दुसरा शब्द नाही. कडा सपाट, ताठ, आणि मधला भाग नुसता फुगून वर आलेला, ताटावर उलटी वाटी ठेवल्यासारखा. मी पुन्हा व्हिडिओ पाहिले, त्यांचं सपाटच. दोन दिवस चिडचिड केली. मग कारण सापडलं. आमच्या पद्धतीत आधी टाचून घेतल्यामुळे अस्तर जागचं हलत नाही. इथे अस्तर मोकळं. मी दोरा ओढून ओढून घट्ट टाका घालत होते, हाताची जुनी सवय, त्यामुळे शिवलेला कडेचा पट्टा आखडत होता आणि न शिवलेलं अस्तर मात्र होतं तेवढंच. जास्तीचं कापड जाणार कुठे? आत. शिवाय मी भरीला एक नवं कोरं सुती कापड वापरलं होतं, न धुता. ती चूक तर नवशिकीची. कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं, ते गोधडीत घालायचंच नाही, आधी धुऊन वाळवून घ्यायचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले.

सहा फेऱ्या उसवल्या. शिवायला दहा दिवस, उसवायला एक दुपार. नातीने रेझरच्या पात्याने दोरे कापले, नातवाने चिमट्याने वेचले. पुन्हा शिवताना तीन गोष्टी पाळल्या. दर फेरीनंतर अस्तर मांडीवरून तळहाताने मध्याकडे न ढकलता बाजूला सारखं करायचं. टाका घातल्यावर दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा. आणि अंगुस्तान घातलेलं बोट अस्तराखाली फिरवून खाली घडी आली नाही ना हे बघायचं. आता हे एका ओळीत लिहिलंय, पण हाताला पटायला आठवडा गेला.

भरणीसाठी जुनं, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं कापड हवं होतं. ते मिळालं माळ्यावरच्या एका फाटक्या वाकळेत. ती उसवायला घेतली आणि दुपारभर कोणी जागचं हललं नाही. वरचा थर छापील व्हॉइलचा, तो माझाच, मीच चढवला होता. वाकळ विरली की ती टाकत नाहीत, तिच्यावर नवा थर चढवतात. त्याच्याखाली हिरवं पातळ. त्याखाली मामंजींचं धोतर, पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात धोब्याची काळ्या शाईची खूण अजून तशीच. त्याखाली एका कापडी पिशवीचा उसवून पसरलेला तुकडा, त्यावर फिकट निळी अक्षरं, वाचता न येणारी. हे म्हणाले, "ही बहात्तरच्या दुष्काळातली असणार. तेव्हा आईने पोतीसुद्धा टाकली नाहीत." असेल, नसेल. सगळ्यात आत, अगदी मध्ये, एक काळपट चुरा निघाला. नात "ई" करून मागे सरली.

ती भाकरी होती. सासूबाई कुठलीही वाकळ पुरी करताना शेवटच्या वीतभर मोकळ्या जागेत भाकरीचा तुकडा सरकवायच्या आणि मग तोंड शिवायच्या. "उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये" म्हणायच्या. मी कधी घातला नाही, मुंग्या लागतात म्हणून. चुरा मी तुळशीत टाकला. धोतर भरणीला घेतलं. निळ्या अक्षरांचा तुकडा नातवाने मागून घेतला.

त्याच दिवशी त्याने दुसरंही एक काम केलं. मला विचारलं, "आजी, एका गोधडीत किती दोरा लागतो?" मी म्हटलं, दोन-तीन रिळं. हे उत्तर त्याला चालेना. त्याने टेप आणली. लांबी ७८ इंच, रुंदी ५४ इंच, दोन फेऱ्यांत अर्धा इंच. कागदावर काहीतरी गुणलं-भागलं आणि म्हणाला, "८,४२४ इंच. म्हणजे २१४ मीटर." मी म्हटलं, शक्य नाही. त्याने पुन्हा समजावून सांगितलं, की सगळ्या फेऱ्या उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर अर्धा इंच रुंदीची एक लांबच लांब पट्टी होते. मग दीड हात दोऱ्यात गाठीचं जाऊन दोन फूट टाके पडतात असं मीच सांगितलं, त्यावरून त्याने काढलं की सुई कमीत कमी साडेतीनशे वेळा ओवायची. "मी महिन्यात तुझ्यासाठी इतक्या वेळा ओवली?" असं म्हणून त्याने बर्फाच्या गोळ्याची मजुरी मागितली, ती दिली. मी मात्र रात्री त्या २१४ मीटरचा विचार करत पडले होते. आठशेवाल्या बाईंना हा आकडा सांगायला हवा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं परत गेली. शाळा सुरू व्हायच्या होत्या. जाताना नातीने माझी सुयांची उशी भरून ठेवली होती, पंचवीस सुया ओवलेल्या. मी दोन दिवसांत त्या संपवल्या आणि मग शेजारच्या मुलाची वाट बघत बसायला लागले. पावसाळ्यात काम रेंगाळलं. गणपतीत बंदच. पितृपक्षात मात्र दुसरं मोठं काम अंगावर आलं, धुण्याचं. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे. वाळलेली वाकळ एका हाताने उचलते, पण भिजली की दोघींना हलत नाही. पूर्वी कृष्णेवर न्यायचो, पायांनी तुडवायचो आणि दोन टोकांना दोघी उभ्या राहून पीळ घालायचो. ह्या वर्षी मी गुडघ्यांकडे पाहिलं आणि एका मुलाला पैसे देऊन काम करून घेतलं. वॉशिंग मशीनचा सल्ला कृपया कोणी देऊ नका. घालून पाहिली आहे. मशीन चालत चालत मोरीच्या दारापर्यंत आलं होतं.

कवंदी नवरात्रात पूर्ण झाली. मध्यावर आल्यावर वीतभर चौकोन उरला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सकाळच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडून आणला. मुंग्यांचं पुढे बघू.

आता प्रवास. नातीने मे महिन्यातच जाहीर केलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत आपण हल्याळला जायचं आणि आजीची गोधडी त्या बायकांना दाखवायची. हल्याळ उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीच्या जवळ. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागातल्या जंगलांत सिद्द्यांची वस्ती आहे. नातवाने लगेच विचारलं, "जंजिऱ्याचे सिद्दी?" मूळ तेच, आफ्रिकेतून आलेले. पण जंजिऱ्याचे सत्ताधीश झाले, तर ह्या भागातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, त्यांतले काही पळून घाटातल्या रानात शिरले. २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. नातवाला इतिहासाहून जास्त रस दांडेलीच्या धनेश पक्ष्यांत होता, त्यामुळे बेत एकमताने मंजूर झाला.

ह्यांनी वही काढली. आमच्या घरी प्रवास म्हणजे ह्यांची वही. ह्यांचं म्हणणं, एसटीने जायचं. हे ७६ वर्षांचे, ७५ च्या पुढे एसटी फुकट. मला महिला म्हणून अर्धं तिकीट. "दोघं मिळून अर्ध्या तिकिटात," असं हे लग्नाच्या वाढदिवसासारखं सांगत होते. फक्त ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. पुढे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण तिथल्या रहिवासी बायकांना, तिथलं ओळखपत्र लागतं. रेल्वेचं पाहिलं, तर ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. सहा पानं भरल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मी गाडी घेऊन येतोय. सूनबाईला सुट्टी नाही, म्हणजे आपण पाच. बसतो." वही मिटली. दोन दिवस हे कोणाशी नीट बोलले नाहीत.

दिवाळीच्या पाडव्यानंतर निघालो. दर दीड तासाने गाडी थांबवायची आणि मी पाय मोकळे करायचे, एवढी एकच अट. कऱ्हाडला चहा, कोल्हापूरला जेवण, बेळगावात कुंदा. कुंदा घेताना मुलाने दीड किलो घेतला, त्यातला अर्धा किलो हल्याळ यायच्या आत संपला. दांडेलीला मुक्काम केला. सकाळी काळी नदीच्या काठाला नातवाला धनेशाची जोडी दिसली, आणि त्याच्या दृष्टीने सहल तिथे संपली असती तरी चाललं असतं.

गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंचा पत्ता मुलाने ओळखीतून मिळवला होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील. अंगणात कोंबड्या, कुडाची भिंत, दारात दोन कवंद्या वाळत घातलेल्या. मला भाषेची धास्ती होती, पण त्या घरात कोकणी बोलतात. त्यांची कोकणी आणि माझी मराठी अशी आमची गाडी अडखळत का होईना चालली. अडलं की हाताने. त्यांनी स्वतःचा गुडघा दाबून दाखवला, तेव्हा आम्ही दोघी हसलो.

मी पिशवीतून कवंदी काढली. त्यांनी ती आधी उलटी केली. मला तिथेच माणूस कळलं, शिवणारी बाई नेहमी पाठ बघते. अस्तरावरून हात फिरवला, एका ठिकाणी अंगठा थांबला, उसवून पुन्हा शिवलेल्या फेऱ्यांवर. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग सुलटी केली, मधोमध चाचपलं, तिथला कडक तुकडा बोटाला लागला असावा, काही बोलल्या नाहीत. टाके बारीक आहेत असं म्हणाल्या. मग कोपरा हातात धरला, दुसरा धरला, आणि सुनेला हाक मारून तिला दाखवून दोघी खो खो हसायला लागल्या.

"नागडी," त्या म्हणाल्या. हा शब्द दोन्ही भाषांत एकच.

कोपऱ्यांना फुलं नव्हती. दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण एकावर एक ठेवून कोपऱ्यात शिवतात, ती फुलं. व्हिडिओत ती दिसत होती, पण मी ती शोभेची समजून सोडून दिली होती, पुढे कधी जमलं तर लावू म्हणून. शोभा नव्हे ती. फुलं नसतील तर गोधडी पुरी झालीच नाही. माझं तोंड पडलेलं बघून बाईंनी सुनेकडून तुकड्यांचं गाठोडं मागवलं, एक लाल तुकडा दोनदा दुमडला, त्यावर पिवळा, आणि चार मिनिटांत एक कोपरा शिवून दिला. मी "पैसे?" असं विचारल्यावर जी नजर मिळाली त्यानंतर ते नाव काढलं नाही. उरलेला कुंदा दिला. दुसरा कोपरा त्यांनी माझ्या हातात दिला आणि दुमड चुकली की माझ्या बोटावर टिचकी मारत शिवून घेतला. त्यांच्याकडची एक छोटी, पाळण्यातली कवंदी मी विकत घेतली, सांगितलेल्या किमतीला. घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही.

तिसरं फूल परतीच्या वाटेवर निपाणीच्या पुढे गाडीत शिवलं. रस्ता बरा होता, तरी एक टाका वाकडा गेलाच. चौथ्यासाठी लाल तुकडा उरला नव्हता. नात म्हणाली, तिच्या जुन्या शाळेच्या गणवेशाची मरून ओढणी आहे, ती नाताळच्या सुट्टीत घेऊन येईल. म्हणून गोधडी सध्या दिवाणावर आहे, तीन फुलांची. रात्री हे पांघरतात. भाकरीच्या बाजूने मुंग्या आलेल्या नाहीत अजून, मी रोज बघते.